ब्रोमेलियाड आणि त्यांच्या पाण्यातली वस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात, कराडात, सांगलीत गच्चीवर बाग करणारे वाढले तसे ब्रोमेलियाडबद्दलचे प्रश्नही वाढले. बहुतेकांची सुरुवात "पाणी किती घालू?" इथून होते आणि गाडी "त्यात काहीतरी वळवळतंय" इथे येऊन थांबते. मला विचाराल तर हे झाड समजायला त्या वळवळीपासूनच सुरुवात करावी. म्हणून इथे निगेपेक्षा झाडाच्या पोटातल्या पाण्यावर जास्त लिहिलंय. निगेचे प्रश्न शेवटाकडे आहेत. घाई असेल त्यांनी सरळ तिकडे जावं.

ब्रोमेलियाड म्हणजे नेमकं कुठलं झाड? नर्सरीवाला नुसतं "ब्रोमेलिया" म्हणाला.

अननसाचं कूळ. लग्नाच्या पंगतीत अननसाचा शिरा खाल्ला असेल तर ब्रोमेलियाड तुमच्या पोटात जाऊन आलेलं आहे. या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि एक सोडून सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांतल्या, वर यूएसएच्या आग्नेय किनाऱ्यापासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत. ती एक चुकार जात, पिटकेर्निया फेलिसियाना, पश्चिम आफ्रिकेत गिनी देशातल्या खडकांवर वाढते. अननस कोलंबसाला १४९३ साली ग्वादेलूप बेटावर पहिल्यांदा दिसला आणि पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारतात आणला.

आकाराचं म्हणाल तर एका टोकाला बोटभर टिलँडसिया आणि दुसऱ्या टोकाला पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांत, चार हजार मीटरच्या आसपास उंचीवर वाढणारी पुया रायमोंडी. फुलोऱ्यासकट ती दहा मीटरपर्यंत जाते. तिथवर पोहोचायला तिला ऐंशी-शंभर वर्षं लागतात, मग ती एकदाच फुलते आणि मरते.

आपल्याकडे नर्सरीत मिळतात त्या मुख्यतः गुझमानिया (मधोमध लाल-केशरी तुरा), निओरेगेलिया (पसरट, मधला भाग लालभडक), एकमिया (पानांवर चंदेरी पट्टे, गुलाबी फुलोरा), व्रिसिया आणि दोरीला टांगून विकतात त्या टिलँडसिया. घायपात आणि कोरफड दिसायला जवळच्या वाटतात, पण त्या या कुळातल्या नाहीत.

झाडावर वाढतं म्हणजे हे बांडगूळच ना?

नाही. आंब्यावरचं बांडगूळ फांदीच्या आत घुसून तिचा रस ओढतं. ब्रोमेलियाड फांदीला नुसतं धरून बसतं, तिच्यातलं काही घेत नाही. नुकसान झालंच तर ओझ्याचं होतं: पाण्यानं भरलेली मोठी रोपं एकाच फांदीवर गर्दी करून बसली की फांदी कधीतरी मोडते. शिवाय सगळीच ब्रोमेलियाड झाडांवर राहत नाहीत. अननस आणि पुया जमिनीतच वाढतात.

मातीत मूळ नाही, मग पाणी आणि खत कुठून मिळतं?

पानांवरच्या खवल्यांतून. हे खवले साध्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, पण टिलँडसियाचं पान राखाडी दिसतं ते त्यांच्यामुळेच. घरी टिलँडसिया असेल तर पानावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि जवळून बघत राहा. थेंब गोल उभा न राहता पसरतो, आत जिरायला लागतो आणि बघता बघता तेवढाच ठिपका हिरवागार होतो. पाणी प्यायलेले खवले पारदर्शक होतात आणि खालचा हिरवा रंग वर दिसतो. वाळलं की पुन्हा राखाडी. झाड तहानलेलं आहे का हे ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

यातल्या बऱ्याच जाती हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवतात आणि दिवसा पर्णरंध्रं मिटून ठेवतात, त्यामुळे उन्हात पाणी कमी उडतं.

मधल्या खोलगट भागात पाणी कशासाठी साठतं?

पानांचे तळ एकमेकांवर इतके घट्ट बसलेले असतात की मधोमध एक हौद तयार होतो आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक-एक छोटं टाकं. छोट्या रोपात वाटीभर पाणी मावतं, मोठ्या जातींत कित्येक लिटर. कोस्टा रिका किंवा ब्राझीलच्या दमट जंगलात एकेका झाडावर अशी अनेक रोपं असतात. म्हणजे जमिनीपासून पंधरा-वीस मीटर वर तळ्यांची अख्खी वसाहतच असते.

या हौदात वरून पानं, फुलं, मेलेले किडे पडतात. ते कुजायला लागतात. बॅक्टेरिया आणि बुरशी त्यावर जगतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव, त्यांच्यावर डासांच्या आणि माश्यांच्या अळ्या, अळ्यांवर टाचणीसारख्या नाजूक चतुरांची पिल्लं, आणि त्या सगळ्यांवर बेडूक. प्रत्येक पायरीवर जी विष्ठा पाण्यात पडते त्यातलं नत्र झाड आपल्या खवल्यांतून ओढून घेतं. राहायला जागा झाड देतं आणि भाडं खताच्या रूपात घेतं. ब्राझीलमध्ये काही उड्या मारणारे कोळी एका विशिष्ट ब्रोमेलियाडवरच राहतात, आणि त्या कोळ्यांच्या विष्ठेतलं नत्र झाडात उतरतं हेही संशोधकांनी दाखवून दिलंय.

या पाण्याकडे पहिल्यांदा शिस्तीत पाहिलं ते कोस्टा रिकाच्या क्लोदोमिरो पिकादो यांनी. १९१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी यावरच प्रबंध लिहिला आणि ब्रोमेलियाडमध्ये सापडणाऱ्या अडीचशेच्या आसपास प्राण्यांची नोंद केली. पुढे ते सर्पविषाकडे वळले. कोस्टा रिकात आज सापाच्या विषावरची लस जिथे बनते त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. बत्तीस शिराळ्याच्या मंडळींना हा माणूस आपला वाटेल.

बेडूक एवढ्याशा पाण्यात अंडी कशी घालतात?

प्रत्येक बेडकाची तऱ्हा वेगळी. मध्य अमेरिकेत नखाएवढा एक लालभडक विषारी बेडूक आहे, त्याला स्ट्रॉबेरी बेडूक म्हणतात (महाबळेश्वरच्या लोकांनी हसू नये). मादी जमिनीजवळ पालापाचोळ्यात अंडी घालते. टॅडपोल बाहेर आले की एकेकाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि प्रत्येकाला वेगळ्या बेचक्यातल्या पाण्यात सोडते. एकत्र ठेवले तर ते एकमेकांना खातील. मग दर काही दिवसांनी ती प्रत्येक बेचक्यापाशी फेरी मारते. टॅडपोल तिच्या अंगाला चिकटून शेपूट थरथरवतो, आणि ती पाण्यात एक-दोन अंडी सोडते. ती फलित नसतात, ती निव्वळ पिल्लाच्या खाण्यासाठी असतात. तेवढ्याशा पाण्यात दुसरं अन्नच नसतं. पिल्लाला पाय फुटून शेपूट जाईपर्यंत तिच्या फेऱ्या चालू राहतात.

गयानामधल्या कायेतूर धबधब्याजवळ एक सोनेरी बेडूक आहे, तो जन्मापासून मरेपर्यंत ब्रोक्किनिया नावाच्या भल्यामोठ्या ब्रोमेलियाडमध्येच राहतो. तिथे अंड्यांची राखण नर करतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो ब्राझीलचा ब्रुनोचा बेडूक. त्याच्या कवटीचं हाड रुंद आणि कातडीला घट्ट जोडलेलं असतं. तो ब्रोमेलियाडमध्ये मागे सरकत शिरतो आणि डोक्यानं दार बंद करतो: आत ओलावा टिकतो, बाहेरचा शत्रू बाहेर राहतो. २०१५ साली लक्षात आलं की त्याच्या कवटीवरचे बारीक काटे कातडीतल्या विषग्रंथींना टोचून बाहेर येतात. म्हणजे डोक्यानं धक्का दिला की विष टोचलं जातं. बेडकाच्या जगात हे फारच विरळ.

खेकडा झाडावर राहतो हे खरं का? की कुणीतरी फेकलेलं?

अगदी खरं. जमैका बेटावर डोंगरातल्या मोठ्या ब्रोमेलियाडमध्ये एक छोटा चपटा खेकडा राहतो आणि तिथेच पिल्लं वाढवतो. मादी आधी हौदातला कुजका पाला उचलून बाहेर टाकते, कारण तो पाण्यातला प्राणवायू संपवतो. मग गोगलगायींचे रिकामे शंख आणून पाण्यात टाकते. शंख विरघळले की पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि पिल्लांच्या कवचाला चुना मिळतो. चतुरांची पिल्लं पाण्यात सापडली तर मारून टाकते, कारण ती खेकड्याच्या पिल्लांना खातात. झुरळं आणि वाणी पकडून आणून पिल्लांना भरवते. हौदाची सफाई, पाण्याची दुरुस्ती आणि पोरांचं जेवण, तिन्ही एकटीवर.

आपल्याकडेही असं काहीतरी आहे. केरळच्या अगस्त्यमलाईच्या जंगलातून २०१७ साली कानी मरंजंडू हा खेकडा नोंदवला गेला. तो ब्रोमेलियाडमध्ये नाही, झाडांच्या पाणी भरलेल्या ढोलींत राहतो.

आणखी कोण राहतं त्यात?

यादी फार लांब आहे. मेक्सिको-ग्वाटेमालातले सॅलॅमँडर, ओल्या पाल्यात राहणाऱ्या गोगलगायी, विंचू. काही टिलँडसियांचा तळ पोकळ गड्ड्यासारखा असतो, त्यात मुंग्या बिऱ्हाड करतात. ब्राझीलचं सोनेरी टॅमरिन माकड लांबसडक बोटांनी ब्रोमेलियाडची बेचकी चाचपत किडे काढून खातं. अँडीज पर्वतातलं चष्मेवालं अस्वल तर सगळं रोपच फाडून मधला कोवळा गाभा खातं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. या हौदांत टाचणीच्या डोक्याएवढे कवचधारी जीव असतात. त्यांना उडता येत नाही, चालत दुसऱ्या झाडावर जाता येत नाही. मग ते एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात पोहोचतात कसे? बेडकाच्या अंगाला चिकटून. ब्राझीलमध्ये बेडूक पकडून बारकाईनं तपासले तेव्हा हे प्रवासी त्यांच्या कातडीवर सापडले.

यातली काही झाडं किडे खातात का?

दोन-तीन जाती खातात. व्हेनेझुएला-गयानाच्या सपाट माथ्यांच्या डोंगरांवर ब्रोक्किनिया रिडक्टा वाढते. तिची पिवळट पानं उभी नळीसारखी जुळलेली असतात, आतून मेणचट भुकटी असते आणि पाण्याला गोडसर वास येतो. मुंगी आत घसरली की बाहेर येत नाही.

त्याच डोंगरांवर युट्रिक्युलेरिया या कीटकभक्षी वनस्पतीची एक मोठी जात आहे, ती ब्रोक्किनियांच्या हौदांतच राहते. एका हौदातून धुमारा काढून शेजारच्या हौदात उतरते आणि तिथले सूक्ष्म जीव आपल्या फुग्यांत ओढून घेते. युट्रिक्युलेरिया म्हटल्यावर साताऱ्याच्या माणसाचे कान टवकारायला हवेत. कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळ्या गालिच्यासारखी पसरते ती सीतेची आसवे याच वंशातली. तिचेही फुगे जमिनीखालच्या ओलीत शिकार करत असतात, वरून फुलांचे फोटो काढणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. शेजारीच चिकट थेंबांनी किडे धरणारी दवबिंदू असते. कास काय किंवा तिकडचे डोंगर काय, कातळावर माती नसते आणि पाऊस होती नव्हती ती खतं धुऊन नेतो. मग नत्रासाठी झाडं किड्यांकडे वळतात.

महाबळेश्वरला एवढा पाऊस पडतो, मग सह्याद्रीत ब्रोमेलियाड का नाहीत?

पावसाचा प्रश्न नाही, वंशावळीचा आहे. हे कूळ दक्षिण अमेरिकेच्या गयाना भागात उदयाला आलं, साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी. बहुतेक जाती तर त्यानंतर फार उशिरा, गेल्या दोनेक कोटी वर्षांत तयार झाल्या. तोवर मधे अटलांटिक पसरला होता आणि आपला भूभाग केव्हाच वेगळा झाला होता. गिनीतली ती एक जात साधारण एक कोटी वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली असावी. आपल्यापर्यंत कुणी पोहोचलंच नाही.

पोहोचलं असतं तरी टिकलं असतं का? मला शंका आहे. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या अंजनी-जांभळाच्या खोडांवरचं शेवाळ हाताला कुरकुरीत लागतं. ब्रोमेलियाडचं वैभव आहे त्या जंगलांत वर्षभर धुकं असतं.

मग सह्याद्रीत हे काम कोण करतं?

एकटं कुणी करत नाही, काम वाटून घेतलंय. कोयनेच्या किंवा चांदोलीच्या जंगलात झाडाच्या फांदीवर बाशिंग दिसेल. या नेच्याला दोन तऱ्हेची पानं असतात. लांब हिरवी पानं उन्हाळ्यात झडतात. तळाशी मात्र आखूड, तपकिरी, कागदासारखी पानं फांदीला कवटाळून बसतात आणि वरून पडणारा पाला धरून ठेवतात. त्यांच्या मागे बोट घातलं तर काळी भुसभुशीत माती हाताला लागते, जमिनीपासून कितीतरी वर. (बोट घालण्यापूर्वी काडीनं हलवून बघा, विंचू असतो.) ब्रोमेलियाड पाणी साठवतं, बाशिंग माती साठवतं.

आमऱ्या, म्हणजे झाडांवरची ऑर्किडं, पाणी आपल्या जाड खोडात भरून ठेवतात. पावसाळ्यात रानकेळीच्या पानांच्या बेचक्यांत आणि झाडांच्या ढोलींत पाणी साठतं. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात तर बांबूच्या पेरांत अंडी घालणारे बेडूक आहेत. झुडपी बेडकांनी पाण्याची कटकटच ठेवली नाही. अंड्यातून टॅडपोल न येता थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो.

आणि सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं. पाऊस सुरू झाला की सड्यावरच्या खळग्यांत जी डबकी साठतात, तीच आपल्याकडची छोटी टाकी. कोयनेच्या नावावरून ज्याचं नाव पडलं तो कोयना भेक १९६३ साली जगासमोर आला. तो जांभ्या कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. तळं आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हावं लागतं. कासला गेलात तर फुलांसोबत पायाखालच्या डबक्यांकडेही बघा, आणि त्यांत पाय घालू नका.

ब्रोमेलियाडवर आपल्याकडे शिंजीर येतात का?

अमेरिकेत बहुतेक जातींचं परागण हमिंगबर्ड करतात, काहींचं वटवाघळं. हमिंगबर्ड भारतात नाहीत. लाल-केशरी तुऱ्यात मध असेल तर आपले शिंजीर डोकावतात. अननसाचं सांगायचं तर, परागण झालं तर फळात टणक बिया होतात. म्हणून अननस पिकवणाऱ्या हवाईनं हमिंगबर्ड आणायलाच बंदी घातलीय.

मुद्द्याचं बोला: यात डास होतात का? आशाताई आल्या आणि कुंडी रिकामी करा म्हणाल्या.

आशाताईंचं ऐका. साठलेल्या पाण्यात डास होतात, ब्रोमेलियाड त्याला अपवाद नाही. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि "आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस" हा आरोग्य खात्याचा नियम याच हिशेबावर बसवलेला आहे. तोच नियम इथे लावा: आठवड्यातून एकदा रोप आडवं करून जुनं पाणी ओता, पाइपनं बेचकी धुवा आणि ताजं पाणी घाला. दुसऱ्या दिवशीपर्यंत रिकामं ठेवलं तरी झाडाचं काही बिघडत नाही. रोप जड असेल तर पाण्यात बीटीआय या बॅक्टेरियाचे दाणे टाका. ते डासाच्या अळ्या मारतात, झाडाला आणि बेडकाला त्रास देत नाहीत. रॉकेल किंवा खाद्यतेल ओतू नका, खवले बुजतात आणि झाड मरतं.

या भीतीला इतिहास आहे. त्रिनिदादमध्ये आणि दक्षिण ब्राझीलमध्ये मलेरिया पसरवणारे काही ॲनोफिलिस डास ब्रोमेलियाडच्याच पाण्यात वाढत. त्रिनिदादमध्ये कोकोच्या मळ्यांवर सावलीसाठी आपल्या पांगाऱ्याच्या वंशातली उंच झाडं लावलेली होती आणि ती ब्रोमेलियाडनं लगडलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्रिघ हे तरुण शास्त्रज्ञ तिथे याच कामावर होते. कोणता डास किती उंचीवर आणि किती वाजता चावतो याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. सजीवांच्या शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास उभा करणाऱ्यांत पुढे त्यांचं नाव घेतलं गेलं. मळ्यांतली ब्रोमेलियाड मात्र मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण फवारून मारली गेली, आणि ब्राझीलमध्ये माणसं लावून ओरबाडून काढली गेली.

रानातल्या हौदात डासाच्या अळ्यांना खाणारे बरेच जण असतात: चतुरांची पिल्लं, शिवाय माणसाला न चावणाऱ्या एका मोठ्या डासाच्या अळ्या. आपल्या गच्चीवर हे पहारेकरी नसतात. म्हणून ते काम आपण करायचं.

आमची तासगावात द्राक्षबाग आहे. उरलेलं बोर्डो ब्रोमेलियाडला मारलं तर चालेल?

अजिबात नाही. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. वर त्रिनिदादचं वाचलंत ना, मोरचूद हे ब्रोमेलियाडसाठी विषच आहे. खवले ते भराभर शोषून घेतात आणि गाभा सडतो. कॉपर ऑक्सिक्लोराइडचंही तेच. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी या बुरशीजन्य रोगासाठी फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की बागेच्या कडेला असलेल्या घरांनी रोपं आत घ्यावीत किंवा झाकावीत. तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणीही घालू नका.

बोअरचं पाणी चालतं का?

माण, खटाव, जत, आटपाडी भागातलं जड पाणी घातलं की पानांवर पांढरे थर चढतात आणि खवले बुजतात. पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं असेल तर ते उत्तम, एसीतून ठिबकणारंही चालतं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून घाला. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

जतला ४२ अंश तापमान जातं आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दव गोठतं. दोन्हीकडे जगेल?

निओरेगेलिया आणि एकमिया शेडनेटखाली जतलाही तग धरतात. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं नको. ऊन फार कमी झालं तर निओरेगेलियाचा लाल रंग जाऊन ती हिरवी पडते. गुझमानिया लाडावलेली आहे, तिला कोरडी गरम हवाही नको आणि १० अंशाखालची थंडीही नको. महाबळेश्वर-पाचगणीकरांनी डिसेंबर-जानेवारीत ती घरात ठेवावी आणि तेवढ्या काळापुरता हौद रिकामा करावा.

कुंडीत काळी माती मात्र कुठेच नको. नारळाच्या शेंड्या, कोळशाचे तुकडे, थोडं कोकोपीट. मुळं फक्त धरून बसण्यासाठी असतात, ओल्या मातीत ती सडतात. खत अगदी पातळ करून, महिन्यातून एकदा आणि बाहेरच्या पानांवर. मधल्या हौदात दाणेदार खत टाकलं तर शेवाळ माजतं.

फूल येऊन गेलं आणि आता झाड वाळतंय. माझं काय चुकलं?

काही नाही. हे केळीसारखं आहे: एकदा व्यायलं की आईचं आयुष्य संपत येतं आणि बुडाशी मुनवे फुटतात. आईला लगेच उपटू नका, वाळेपर्यंत ती पिल्लांना पोसत असते. पिल्लू तिच्या एक तृतीयांश ते निम्म्या उंचीचं झालं की धारदार चाकूनं बुडापासून कापा, जखम एक दिवस वाळू द्या आणि छोट्या कुंडीत लावा. त्याला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात.

घाई असेल तर पूर्ण वाढलेल्या रोपाचा हौद रिकामा करून त्यावर प्लास्टिकची पिशवी घाला आणि आत आठवडाभर एक पिकलेलं सफरचंद ठेवा. फळातून निघणारा इथिलीन वायू फुलोऱ्याला चालना देतो. द्राक्षाची पानगळ करायला जे इथरेल वापरतात त्यातूनही हाच वायू सुटतो. पण मोजमाप न करता ते घरातल्या रोपावर वापरू नका.

जास्तीची रोपं कासच्या वाटेवर किंवा महाबळेश्वरच्या झाडांवर बांधली तर? तेवढीच शोभा.

नको. परदेशी रोपासोबत काय येतं हे आपल्याला दिसत नाही. १९८९ साली फ्लोरिडात मेक्सिकोतला एक सोंड्या भुंगा आयात केलेल्या ब्रोमेलियाडमधून आला आणि तिथल्या स्थानिक टिलँडसियांचे गाभे पोखरून त्यानं जंगलंच्या जंगलं ओकीबोकी केली. घाणेरीनं आपल्या डोंगरांचं काय केलंय ते आपण रोज बघतो. शिवाय रानात ठेवलेल्या हौदाला कोरडा दिवस कोण पाळणार? जास्तीची पिल्लं शेजाऱ्यांना द्या.

गच्चीवरच्या ब्रोमेलियाडमध्ये बेडूक येईल का? आणि ते रंगीत विषारी बेडूक पाळता येतात का?

पावसाळ्यात भिंतीवर चढणारा आपला झाडबेडूक दिवसा ओल्या बेचक्यात दडून बसू शकतो. त्याला हात न लावता राहू द्या, तो किडेच खातो. आठवड्याचं पाणी बदलण्यापूर्वी मात्र आत डोकावून बघा.

विषारी बेडूक आणू नका. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि बरेचसे रानातून पकडलेले असतात. गंमत म्हणजे पिंजऱ्यात वाढवले तर ते विषारी राहतच नाहीत. विष त्यांना रानातल्या मुंग्या आणि कोळीडे खाऊन मिळतं.

विकत घेताना काय बघावं?

मधलं कोवळं पान हलकेच ओढून बघा. हातात निघून आलं तर गाभा सडलाय. पाण्याला कुजकट वास येत असेल तर ते रोप सोडून द्या; रानात थोडा कुजका वास चालतो, दुकानात नाही. तुरा पूर्ण उमललेलं रोप दिसायला छान, पण त्याचे दिवस भरत आलेले असतात. पानाच्या बुडाशी बारीक छिद्रं किंवा चिकट डिंकासारखा द्राव दिसला तर आत भुंगा किंवा अळी असू शकते. आणि बुडाशी एखादं पिल्लू आधीच फुटलेलं असेल तर तेच रोप उचला, किंमत तेवढीच लागते.